साल्हेरच्या माथ्यावर कोणत्या वाटेने जावे? तातडीने मदत हवी आहे

गोदाकाठ : येत्या रविवारी साल्हेर किल्ल्यावर जायचे आहे आणि वाट ठरत नाही. मागच्या खेपेस आम्ही दोघे कातळातल्या पायऱ्यांपाशी पोहोचून परत फिरलो. एका झिजलेल्या पायरीवर कोरडा मुरूम साचला होता. पाय टेकला की तो सरकत होता आणि आधाराला धरलेला गवताचा झुपका मुळासकट हातात आला. या वेळी माथ्यावरच्या परशुराम मंदिरापर्यंत पोहोचायचेच आहे. कोणती वाट धरावी, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सातमाळा : कोणत्या गावातून चढलात, किती वाजता चढाईला लागलात आणि सोबत कोण होते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. पायऱ्या दोन्ही वाटांवर आहेत.

गोदाकाठ : वाघांब्यातून. नाशिकहून सातला निघालो होतो, सटाणा, ताहराबाद, मुल्हेर करत पायथ्याशी साडेअकरा वाजले. सोबत वडील होते.

कातळवाट : वाघांबेच योग्य आहे, चुकली ती वेळ. साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत एकदा पोहोचलात की पुढची वाट कातळाला बिलगून जाते, पायऱ्या आणि दरवाजे लागतात, खोदीव गुहांची ओळ लागते आणि माणूस पठारावर येतो. मी चार वेळा याच वाटेने गेलो आहे.

बागलाणकर : आपण चार वेळा गेलात हे मान्य, परंतु वडीलधाऱ्या माणसाला खिंडीतून नेण्याचा सल्ला मला पटत नाही. तिथे एका बाजूला दरी सतत दिसत राहते आणि दमलेल्या माणसाला टेकायला जागा शोधावी लागते. साल्हेरवाडीची वाट लांबची असली तरी मळलेली आहे आणि गावातून वाटाड्या सोबत घेता येतो.

कातळवाट : लांबची वाट म्हणजे उन्हात अधिक वेळ, हे आपण लक्षात घेत नाही.

पावनखिंड : पायऱ्यांचीच आवड असेल तर हरिहर किल्ल्यावर जावे. नाशिकहून जवळ आहे आणि अर्ध्या दिवसात परत येता येते.

बागलाणकर : त्यांनी हरिहरविषयी विचारलेले नाही.

बखरवाचक : साल्हेर म्हणजे केवळ 1567 मीटरचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला नव्हे. 1672 मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवले, ते याच गडाच्या परिसरात. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. वर पोहोचल्यावर घाईने छायाचित्रे काढून उतरू नये, तो मुलूख डोळे भरून पाहावा.

सातमाळा : धागाकर्त्यास पुन्हा विचारतो. परत फिरायचे कोणी ठरवले, तुम्ही की वडिलांनी? आणि त्यांना काही त्रास आहे का?

गोदाकाठ : त्यांनीच. पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू जाऊन ये, मी इथे थांबतो." मी गेलो नाही. त्यांचे वय 66 आहे, उजवा गुडघा दुखतो आणि जानेवारीत शस्त्रक्रिया ठरली आहे. सटाण्यात नोकरीला असताना ते साल्हेरवर गेले होते, त्यानंतर कधी नाही. शस्त्रक्रियेआधी एकदा मंदिरात जायचे असे त्यांच्या मनात आहे. हे आधीच लिहायला हवे होते.

सातमाळा : मग प्रश्न वाटेचा राहत नाही, उतरण्याचा होतो. दुखऱ्या गुडघ्याला चढ सोसतो, पण घसाऱ्यावरून उतरताना सगळा भार त्याच्यावरच येतो. आधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला तरच शनिवारी दुपारी निघून साल्हेरवाडीत मुक्काम करा आणि पहाटे उजाडताच चढाईला लागा. दोघांनाही काठ्या घ्या. उंच पायऱ्या उतरताना त्यांनी डोंगराकडे तोंड करावे आणि तुम्ही एक पायरी खाली राहून पाऊल कुठे टेकायचे ते सांगत राहावे. गंगासागर तलावापाशी किती वाजले ते पाहा. दहा वाजून गेले असतील तर शेवटचा चढ सोडून द्या.

कातळवाट : ही परिस्थिती आधी समजली असती तर मीही वाघांबे सुचवले नसते. आणखी एक, कपारींत आग्या मोहळे असतात. अत्तर लावू नका आणि वाटेत धूर करू नका.

गोदाकाठ : डॉक्टरांची वेळ उद्या सायंकाळी मिळाली आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही. साल्हेरवाडीत जेवणाची सोय आधी कळवावी लागते का?