येळवशीला रडू आलं म्हणून
वडील जाऊन आठ महिने झाले, मधे सावरलो होतो, पण येळवशीला (वेळ अमावस्येच्या सणाला) शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसलो आन् पुन्हा रडू फुटलं, म्हणजे मागं गेलो का, असं तुम्ही विचारलंय दादा. कुणी तुम्हाला दुःखाचे पाच टप्पेही (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) मोजून दाखवलेत. ते मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडले, पण मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांनी ते ओळीनं पार करावेत, असं काही नाही.

मला शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शुट या संशोधकांची १९९९ची मांडणी जास्त पटते. माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात येरझारा घालत असतो. सकाळी ढसाढसा रडणारा दुपारी मोंढ्यात सोयाबीनचा भाव विचारतो. दोन्ही खरंच असतं. त्यात आपल्याकडं बायका गळ्यात पडून, गेलेल्याच्या आठवणी बोलत रडतात. थोरल्या पोरानं मात्र मंडप, आचारी, पाहुणे आणि तेराव्याचा हिशोब बघायचा. (वर ‘तूच खचलास तर आईकडं कोण बघंल’ हे आहेच.) त्याचं रडणं राहून जातं, ते पहिल्या सणाला गाठतं.

झोप, जेवण, कामधंदा बरा चालू असेल तर घाबरू नका. सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची तीच तीव्र ओढ रोज छळत असेल, कामात हातच लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.