शब्दचर्चा: ‘फ्लॅग झालो’ला मराठीत काय म्हणायचं? (ऑनलाइन बुद्धिबळातले नवे शब्द)

उंटावरचा शहाणा

मंडळी, एक शंका आहे. भाचा आठवीत आहे, बुद्धिबळ आजोबांकडून शिकलाय, घरात नि सोसायटीत कुणाला ऐकत नाही. आता लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर खेळायला लागलाय आणि रोज संध्याकाळी येऊन सांगतो, ‘मामा मी जिंकत होतो पण फ्लॅग झालो’, ‘समोरचा नुसते प्रीमूव्ह मारत होता’, ‘माझं रेटिंग अजून प्रोव्हिजनल आहे’. मला मोहरे कळतात, चाली कळतात, पण ही भाषा डोक्यावरून जातेय. तर, फ्लॅग होणे याला मराठीत धड शब्द आहे का? आणि नवीन खेळणाऱ्याला असे कोणते शब्द आधी माहीत पाहिजेत? कृपया ‘गुगल करा’ म्हणू नका, करून झालंय, राष्ट्रध्वजांची चित्रं बघितली.

खडूस प्यादं

झेंडा. स्पर्धांमध्ये खेळलेले जुने लोक ‘झेंडा पडला’ असंच म्हणतात. चावीच्या घड्याळात बाराच्या आकड्यापाशी खरोखरचा छोटा झेंडा असायचा, मिनिटकाटा वर चढत आला की शेवटच्या दोनतीन मिनिटांत तो झेंड्याला हळूहळू उचलायचा आणि बाराला पोचला की सोडून द्यायचा. खाली पडला की तुमचा वेळ संपला, डाव गेला. आता घड्याळ म्हणजे स्क्रीनवरचा नुसता आकडा पण शब्द तसाच राहिला.

मी_अडीच_घरं

खडूसराव बरोबर, आणि एक गंमत बघा. इंग्रजीत फ्लॅग हे क्रियापद दोन्हीकडून वापरतात, मी फ्लॅग झालो म्हणजे हरलो, मी त्याला फ्लॅग केलं म्हणजे जिंकलो. नवीन पोरं चॅटमध्ये उलटसुलट वाचतात. मराठीत हा घोळच नाही, माझा झेंडा पडला, मी त्याचा झेंडा पाडला. पडणे-पाडणे आपल्याकडे आयतं आहे. त्यामुळे माझं मत झेंड्याला.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. आपल्याकडे पटावरचे शब्द बघा: शह, काटशह, मात, प्यादेमात, किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल), जोर, अडीच घरं. एकेका कल्पनेला शब्द तयार. घड्याळासाठी एक शब्द सांगा बरं? नाहीच. घरच्या बुद्धिबळात घड्याळच नव्हतं, एक माणूस विचार करायचा आणि दुसरा पान लावायचा. आणि ऑनलाइनची निम्मी भाषा घड्याळाचीच आहे. फ्लॅग, प्रीमूव्ह, इन्क्रिमेंट, बुलेट नि ब्लिट्झ (झटपट डावांचे प्रकार), टाइम स्क्रॅम्बल (वेळ संपत आल्यावरची घाई). घरी सगळ्यांना हरवणारी पोरं ऑनलाइन जाऊन जे आपटतात ते या भागात आपटतात. बुद्धी कमी पडत नाही हो, घड्याळाकडे बघायची सवयच नसते.

म्हणून पहिला शिकायचा ‘शब्द’ म्हणजे ते अधिकचं चिन्ह. ३+२ म्हणजे प्रत्येकाला तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंद वाढीव. ते वाढीव म्हणजे इन्क्रिमेंट. ३+० असेल तर वाढीव काही नाही, तीन मिनिटांत खेळ नाहीतर झेंडा. नवा माणूस ३+० मध्ये घुसतो कारण बटण समोरच असतं. माझा सरळ सल्ला, अधिकच्या उजवीकडे शून्य दिसलं तर महिनाभर तरी त्या बटणाला हात लावू नका. १०+५ किंवा १५+१० खेळा. वजीर जास्त असूनही वेळ संपून हरलात तर त्यातून शिकायला काही मिळत नाही, फक्त चिडचिड होते.

रेवदंडाकर

पण १०+० ला रॅपिडच (म्हणजे ब्लिट्झपेक्षा सावकाश डाव) म्हणतात ना? मग त्यात काय वाईट?

मी_अडीच_घरं

म्हणतात, पण कोण म्हणतं ते बघा. लिचेसचा हिशोब असा: सुरुवातीचा वेळ अधिक चाळीस गुणिले वाढीव सेकंद. बेरीज ८ मिनिटांच्या आत असेल तर ब्लिट्झ, ३ च्या आत असेल तर बुलेट. आता ५+५ घ्या, ३०० सेकंद अधिक २००, झाले ५००, म्हणजे आठ मिनिटांच्या वर, चक्क रॅपिड. २+१ घ्या, १२० अधिक ४०, बुलेट. आणि फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमात दहा मिनिटं किंवा त्याहून कमी असेल तर ब्लिट्झ, म्हणजे ज्या १०+० ला ऑनलाइन रॅपिड म्हणतात तोच डाव खऱ्या पटावर ब्लिट्झमध्ये मोडतो. रॅपिड या शब्दावर फार विसंबू नका, आकडे वाचा.

वैदर्भी ठेचा

घड्याळाचं महत्त्व पाहायचंच असंन तर आमच्या नागपूरची दिव्या देशमुख बघा ना बाप्पा. २०२५ च्या महिला वर्ल्ड कपची फायनल, बातुमीत, समोर कोनेरू हंपी. क्लासिकलचे (लांब वेळेचे) दोन्ही डाव बरोबरीत सुटले अन् निकाल तिच्या बाजूनं लागला रॅपिड टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या डावांत. पोरगी १९ वर्षांची, थेट ग्रँडमास्टर होऊन आली.

पण अडीच घरंवाले भाऊ, मला एक वेगळं म्हणायचं आहे. घड्याळाच्या आधी घरचे नियम विसरा. आमच्या आबांच्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जायचं, राजाला शह लागला नसला तर तो एकदा घोड्यासारखी उडी मारायचा, अन् प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरी पोचलं तोच मोहरा बनायचं. हत्तीच्या घरी गेलं तर हत्ती. ऑनलाइनवर यातलं काहीच नाही. भाच्याला आजोबांनी शिकवलं म्हणता तर हे आधी विचारून घ्या.

उंटावरचा शहाणा

ठेचाभाऊ, अगदी!! परवा तो ओरडत होता की त्याचं प्यादं ‘हवेतून’ मारलं, वेबसाइटमध्ये बग आहे म्हणून.

वैदर्भी ठेचा

बग नाही, आँ पासाँ. फ्रेंच आहे, ‘जाता जाता’. प्यादं दोन घरं उडी मारून शेजारी आलं तर लगेच पुढच्याच चालीत त्याला एकच घर चालल्यासारखं धरून मारता येतं. आपल्या जुन्या खेळात दोन घरांची उडीच नव्हती तर हा नियम अन् त्याचा शब्द येणार कुठून. मी आपला ‘वाटमारी’ म्हणतो, कोणी हसलं तरी चालते.

मृदुला_के

वाटमारी आवडलं, मी तर वापरणार!

मला ‘जोर’बद्दल लिहायचंय. वर फक्त यादीत आला आणि पुढे गेला, पण नवशिक्याला मराठीतला कुठला एक शब्द उपयोगी असेल तर हाच. मोहऱ्याला दुसऱ्या मोहऱ्याचा आधार असणे म्हणजे जोर. ऑनलाइनवाले ‘पीस हँग केला’ म्हणतात ते म्हणजे जोर नसलेला मोहरा मारात ठेवला. मी क्लासमधल्या मुलांना चाल करण्याआधी एवढंच विचारायला लावते, जोर कुणाला नाही? माझ्यातल्या आणि त्याच्यातल्या दोन्ही.

एक उदाहरण देते, कारण हे प्रत्येक नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात भेटतं. पांढऱ्याचं प्यादं ई४ वर (ई ही उभी रांग, ४ ही आडवी), तुमचं ई५, आणि पांढऱ्याचा वजीर थेट एच५. चार चालींत मात द्यायला निघालेला असतो. मुलं घाबरतात आणि वजिराला हाकलायला जी६ खेळतात. झालं! ई५ च्या प्याद्याला जोर नाही, वजीर ते शह देऊन घेतो आणि जी७ चं प्यादं हललेलं असल्यामुळे त्याच तिरप्या रेषेत कोपऱ्यातला हत्तीही मारात. तेच आधी घोडा सी६ खेळलात तर ई५ ला जोर मिळाला. मग त्याचा उंट सी४ वर येतो, एफ७ वर मात दिसायला लागते, आता जी६ खेळा. वजीर एफ३ वर जाऊन परत तीच धमकी देतो, तुम्ही घोडा एफ६. इथून तुमचे दोन घोडे बाहेर आलेत आणि त्याचा वजीर उगाच फिरून दमलाय. यात तुम्ही ओपनिंगची एकही थिअरी पाठ केलेली नाही, फक्त जोर मोजलाय.

खडूस प्यादं

मृदुलाताईंना अनुमोदन. शहाचं पण सांगा कुणीतरी. घरी तोंडाने ‘शह’ म्हणायची पद्धत, ऑनलाइन कोणी म्हणत नाही, खऱ्या स्पर्धेतही म्हणायचं बंधन नाही. राजाचं घर लाल होतं तेवढंच. काटशह म्हणजे शह लागलेला असताना असा बचाव करायचा की तोच समोरच्या राजाला शह व्हावा. पेपरवाल्यांनी युतीच्या बातम्यांत ‘शह-काटशह’ इतकं घासलंय की पोरांना वाटतं हा राजकारणातलाच शब्द आहे.

कोल्हापुरी चप्पल

गॅम्बिट राहिला की ओ. मूळ इटालियन गाम्बेत्तो, पायात पाय घालून पाडणे. म्हणजे तालमीतली टांग! सुरुवातीलाच एक प्यादं द्यायचं आणि त्या बदल्यात मोहरे पटापट बाहेर काढायचे, समोरचा प्यादं खात बसला की आपण टांग मारायची. नवीन लोकांसाठी सांगतो, समोरच्यानं फुकट प्यादं दिलं तर घ्या बिनधास्त पण ते जपायला जीव टाकू नका, चारपाच चालींनी परत द्यायला लागलं तर देऊन टाका आणि राजाचा किल्लेकोट उरका.

प्रा. सुटाबुटातले

‘प्रोव्हिजनल’चा खुलासा करतो. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. आधी एक शुद्धलेखन: रेटिंग मोजायच्या एका पद्धतीचं नाव एलो, लोक तो शब्द इंग्रजीत सगळी अक्षरं मोठी करून लिहितात, जणू काही संक्षेप आहे. ते आडनाव आहे. अर्पाद एलो, हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत फिजिक्सचे प्राध्यापक होते. त्यांची पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. लिचेस मात्र एलो वापरत नाही, ग्लिको-२ वापरतं. त्यात रेटिंगसोबत ‘आम्हाला या आकड्याची कितपत खात्री आहे’ हेही मोजलं जातं. नवीन खात्याला १५०० देतात आणि पुढे प्रश्नचिन्ह लावतात, ते प्रश्नचिन्ह म्हणजे प्रोव्हिजनल. मराठीत ‘कच्चं रेटिंग’ म्हणा, कच्च्या लायसनसारखं. कच्चं असेपर्यंत एकेका डावाला आकडा भसाभस खालीवर होतो, तो घसरला म्हणून मुलाने रडायचं कारण नाही. १५०० वरून ११०० वर आला तर तो ‘पडला’ नाही, यंत्रणेला तो आत्ता कळला. आणि दोन वेगळ्या साइटवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, लिचेसचे साधारणपणे वरचे असतात.

रेवदंडाकर

सर आकडा कळला तरी मुलं रडणारच :)

प्रीमूव्ह कोणी सांगितलंच नाही. समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली चाल लावून ठेवायची, त्याची झाली की आपली आपोआप होते. लिचेसवर वेळ शून्य जातो, चेस डॉट कॉमवर सेकंदाचा दहावा भाग. मराठीत काय म्हणाल?

मी_अडीच_घरं

आगाऊ चाल. दोन्ही अर्थांनी! तो घोडा मारणारच असं गृहीत धरून तुम्ही परत मारायची चाल लावून ठेवता, तो मारतच नाही, भलतंच खेळतो. लावलेली चाल आता नियमात बसत नसेल तर नुसती रद्द होते, पण बसत असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत होऊन जाते. नवीन माणसाने दोनच वेळा वापरावी, एक म्हणजे शह असा आहे की बचावाची एकच चाल उरली आहे, दुसरं म्हणजे झेंडा पडायला पाच सेकंद आहेत आणि समोर एकटा राजा पळतोय. त्या दुसऱ्यात पण कोंडी होऊन डाव बरोबरीत जायची भीती असते. कोंडी म्हणजे स्टेलमेट, शह नाही पण चालायला घरही नाही.

आणि हो, झेंडा पडला म्हणजे हरलाच असं नाही. तुमचा वेळ संपला पण समोरच्याकडे नुसता राजा उरलाय, तर बरोबरी. हे माहीत नसल्यामुळे जिंकणारे आणि हरणारे दोघंही चॅटमध्ये भांडतात.

मृदुला_के

चॅटचं निघालंच आहे तर, जीजी म्हणजे गुड गेम, डब्ल्यूपी म्हणजे वेल प्लेड, टीवाय थँक यू. नुसते डाव संपल्यावर टाकायचे रामराम आहेत. समोरच्याने शेवटच्या चालीत वजीर फुकट घालवला आणि तुम्ही जिंकताक्षणी जीजी टाकलंत तर ते खिजवल्यासारखं दिसतं, आधी हरणाऱ्याला बोलू द्या. हरत आल्यावर खेळायचं सोडून घड्याळ संपेपर्यंत बसून राहणे हा सगळ्यात वाईट प्रकार, त्याला आमची मुलं ‘धरणं’ म्हणतात. वारंवार केलं तर काही काळ खेळायला बंदी येते. राजीनाम्याचं बटण असतं ना, तो छोटा झेंडा. हो, तिथे पण झेंडाच! पण अगदी नवीन असाल तर लगेच राजीनामा देऊ नका, त्या पातळीवर समोरचा पण वजीर घालवतो.

आणि हरलं की ‘चीटर’ लिहू नका. खरंच इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम) वापरतोय असं वाटलं तर रिपोर्ट करा आणि पुढचा डाव खेळा.

कोल्हापुरी चप्पल

लागोपाठ तीन हरल्यावर ‘पुढचा डाव खेळा’ हाच सगळ्यात घातक सल्ला आहे ताई. त्याला टिल्ट म्हणतात, डोकं तापल्यावर खुन्नसनं खेळत बसणे. रात्री दीडशे पॉइंट जातात. दोन हरलं की फोन ठेवायचा.

उंटावरचा शहाणा

सगळ्यांचे आभार, भाच्याला १०+५ लावून दिलंय आणि वाटमारी शिकवली. शेवटची शंका, समोरचे सारखे ‘टेकबॅक’ मागतात, हा नाही म्हणू शकत नाही. देणं सक्तीचं आहे का?

खडूस प्यादं

बिलकुल नाही. ‘चाल परत’ घरी ठीक आहे, रेटेड (रेटिंग बदलणाऱ्या) डावात हात सुटला तर सुटला. लिचेसच्या सेटिंगमध्ये टेकबॅक ‘फक्त कॅज्युअल’वर (बिनरेटिंगच्या डावांपुरतं) करून टाका, म्हणजे रेटेडमध्ये कोणी मागूच शकणार नाही आणि पोराला नाही म्हणायची वेळ येणार नाही.