सिझरला नवऱ्याची सही शरीअतनुसार लागतेच का?

प्रश्न: ३६ वा आठवडा, बाळ पायाळू, डॉक्टर सिझर सांगतायत. नवरा बाहेरदेशी. घरची मोठी माणसं म्हणतात, त्याच्या इजाजतीशिवाय ऑपरेशन नाजायज, पुरुष डॉक्टर तर नकोच. शिवाय कुणी सुचवतंय की त्यातच नसबंदीही उरकून घ्या. खरं काय?

उत्तर १: संमती बाईचीच. जिद्द्याच्या इस्लामी फिकह अकादमीचा (शरीअतच्या प्रश्नांवर मत देणारी विद्वानांची संस्था) १९९२ चा ठराव सरळ आहे: रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर परवानगी त्याची, जीव धोक्यात असेल तर परवानगीसाठी उपचार थांबवायचे नाहीत. नवऱ्याशी मशवरा करावाच, पण तो फोन उचलेपर्यंत थांबणं ही शरीअतची अट नाही. पायाळू बाळाचा पाय खाली असेल तर पाणमोट फुटल्यावर नाळ आधी घसरू शकते. मग हातात काही मिनिटंच असतात आणि नेमकं तेव्हाच घरात ‘कुणाला विचारायचं’ सुरू होतं. त्यामुळे संमतीपत्र आत्ताच वाचून, शंका विचारून ठेवा. पोटावरून बाळ फिरवून डोकं खाली आणता येईल का, हेही याच आठवड्यात विचारा. साधारण निम्म्या वेळा जमतं. वार (प्लासेंटा) खाली असेल तर मात्र तो प्रयत्न करत नाहीत.

उत्तर २: डॉक्टरांबद्दल अकादमीचा १९९३ चा ठराव क्रम देतो: मुस्लिम स्त्री, मग विश्वासू बिगरमुस्लिम स्त्री, मग मुस्लिम पुरुष, शेवटी बिगरमुस्लिम पुरुष. उघडं करायचं ते गरजेपुरतंच. लोक लेडी सर्जन शोधतात आणि भूलतज्ज्ञाला विसरतात! कण्यात सुई देताना पाठ उघडी लागते, हे आधीच बोलून घ्या. लघवीची नळी नर्सने घालावी, केस थिएटरच्या टोपीत झाकावेत, एवढं सहसा होतं. पूर्ण बाह्यांचा आग्रह मात्र सोडा, दंडाला बीपीचा पट्टा आणि हाताला सलाईन लागतं.

उत्तर ३: नसबंदी वेगळा विषय, तिची संमतीही वेगळी. अकादमीच्या १९८८ च्या ठरावानुसार शरई गरजेशिवाय कायमची नसबंदी हराम. संमतीपत्रात ती ओळ आहे का ते बघा, नको असेल तर खोडून बाजूला सही करा. गरज कधी मानतात? पुढचं गरोदरपण जिवावर बेतेल असं भरवशाच्या डॉक्टरांचं मत असेल तेव्हा. आधी दोन सिझर झालेली असतील आणि तिसऱ्या खेपेला वार गर्भपिशवीच्या तोंडावर असेल, तर ती पिशवीत रुतण्याचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास जातो. पहिल्या सिझरला हे कारण लागू होत नाही. दोन मुलांत अंतर ठेवायला तांबी चालते, पण नवराबायको दोघांची रजामंदी हवी.

प्रश्नकर्ती: आणि टाके असताना गुस्ल, म्हणजे पाक होण्याची आंघोळ?

उत्तर ३: सिझर झालं तरी अंगावरून जाणारं रक्त निफासच, म्हणजे बाळंतपणानंतरचं रक्त. हनफी मजहबात (फिकहच्या पंथात) जास्तीत जास्त ४० दिवस, शाफई मजहबात ६०. आधी थांबलं तर तेव्हाच गुस्ल. टाक्यांना पाणी मना असेल तर बाकी अंग धुऊन पट्टीवरून ओला हात फिरवा, म्हणजे मसह.