कानामागचा ठिपका: केस रंगवण्याआधी टेस्ट करता का? आपापले अनुभव सांगा

शेवंती_७१
काल लेकीने केसांच्या रंगाचा खोका आणला. फोडला आणि आतला सूचनांचा घडीचा कागद थेट कचऱ्याच्या डब्यात. मी तो मेथीच्या देठांतून उचलला, पुसला आणि पोळपाटाखाली दाबून सरळ केला. ती हसली. तिला काय आठवणार, तेव्हा ती तीन वर्षांची होती.

२००९, धाकट्या दिराचं लग्न. हळदीच्या आदल्या रात्री सगळं आवरून रंग लावायला बसले. तोच रंग, तोच नंबर, सहा वर्षं लावत होते. मग कानामागे रंगाचा ठिपका लावून दोन दिवस वाट बघायची टेस्ट कशाला? रात्री कानामागे खाज सुटली. म्हटलं घाम असेल. हळदीच्या दिवशी पापण्या जड. लग्नाच्या सकाळी उजवा डोळा उघडेचना, आणि मानेवरून पिवळट पाणी येऊन उशीचा अभ्रा चिकटलेला. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. अल्बममध्ये मी सगळीकडे गॉगल लावून आहे, अंतरपाट धरतानासुद्धा.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा वर्षं चाललं म्हणून सातव्या वर्षी चालेलच असं नसतं. शरीर आधी गुपचूप ओळख करून घेतं, मग एक दिवस भांडण काढतं. भांडण पीपीडीशी, म्हणजे पॅराफेनिलिनडायअमीन या रंगातल्या रसायनाशी. बऱ्याच गडद रंगांत असतं ते. तेव्हापासून मी पांढरी.

तुम्ही कुणी करता का ती ४८ तासांची टेस्ट? खरं सांगा.

पावशेर
मिशीला कोण टेस्ट करतं हो. वरचा ओठ असा सुजला की ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मृद्गंध_
पावशेर, आणि तुम्ही काय सांगितलंत?

पावशेर
मधमाशी चावली म्हणालो. रंगवतो हे कुणाला माहीत नव्हतं ना :)

ओटीवरची_गप्पा
शेवंती, गॉगल लावून अंतरपाट!! फोटो टाक की.

मी केली होती टेस्ट, पण दहा मिनिटांत धुऊन टाकली आणि "काही झालं नाही" म्हणत लावला रंग. आता तुझं वाचून कळतंय की ती टेस्टच नव्हती.

कंगवा_कात्री
डोंबिवलीत १४ वर्षं पार्लर चालवते, म्हणून बोलते. गिऱ्हाईक शनिवारी चारला येणार, सहाला रिसेप्शन. टेस्ट म्हटलं की उठून शेजारच्या पार्लरात. आता मी फोनवरच सांगते, दोन दिवस आधी पाच मिनिटं येऊन जा, कानामागे ठिपका लावते, तिथे पाणी लावू नका. दहातल्या तिघी येतात. बाकीच्या म्हणतात, ताई आम्ही अमोनिया फ्री लावतो, आम्हाला काय होतंय. अगं बायांनो, अमोनिया वेगळा नि पीपीडी वेगळं. अमोनिया नसला की नाकाला त्रास नाही, एवढंच. आणि दर वेळी करायची टेस्ट, कंपनी बदलली तर नक्कीच.

बरं, माझ्या स्वतःच्या बोटांना आता फोड येतात. दोन हातमोजे एकावर एक घालते. ते कुठे लिहू.

मृद्गंध_
इथेच लिही ताई. काळजी घे.

चिंचेचं_बोटुक
आमचा किस्सा केसांचा नाही पण त्याच जातकुळीतला. मुलगा नऊ वर्षांचा, कळंगुटला किनाऱ्यावर दंडावर काळ्या मेंदीचा विंचू काढून हवा म्हणून हट्ट. काढला. दहा दिवसांनी त्याच आकाराचा फोड उठला, नांगीसकट. पुढचे दोन्ही चिमटे मोजता येत होते. फोड गेला, पण पांढरट विंचू वर्षभर दंडावर होता.

डॉक्टर म्हणाले खरी मेंदी काळी नसतेच. तिचा रंग केशरी नाहीतर विटकरी. पटकन काळी चढते तिच्यात केसांच्या रंगातलंच पीपीडी कालवलेलं असू शकतं, आणि मेंदीवाला ते किती घालतो त्याला काही माप नाही. फाइलवर लाल पेनने लिहून दिलंय: मोठेपणी केस रंगवायचे नाहीत. मुलगा आता २१ चा आहे, आणि गंमत म्हणजे डोक्यावर पांढरे यायला सुरुवात झालीय.

पावशेर
नांगीसकट. सॉरी, हसू आलं.

आजीचा_बटवा
म्हणून सांगते, मेंदीच लावा. लोखंडी कढईत रात्री भिजवायची, चहाचं पाणी, चमचाभर काथ, आवळा पावडर. माझ्या आईचे केस पंचाहत्तरीतही

आजीचा_बटवा
(पोस्ट अर्धवट गेली, दूध उतू गेलं.) तर पंचाहत्तरीतही कमरेपर्यंत.

कंगवा_कात्री
काकू, घरची पाला वाटलेली मेंदी असेल तर प्रश्न नाही. पण बाजारात "हर्बल काळी मेंदी" म्हणून ज्या पुड्या मिळतात त्या उलटून बघा. मागे बारीक अक्षरात पीपीडी सापडतं. अर्ध्या तासात काळेभोर झाले तर ती मेंदी नव्हे हो.

आजीचा_बटवा
अगंबाई. कपाटात तीन पुड्या आहेत. चष्मा शोधते.

लीड्सकर
इथे माझ्या सलूनमध्ये टेस्टशिवाय खुर्चीत बसवतच नाहीत. दोन दिवस आधी बोलावतात, तारीख लिहून सही घेतात. पहिल्यांदा मला केवढा अपमान वाटला होता! आणि मी मात्र दर दिवाळीला बॅगेत भरून पुण्याहून सॅशे आणते. ते स्वतःच्या बाथरूममध्ये, टेस्ट न करता. लाज वाटतेय लिहिताना.

तीनचाकी
दवाखान्यातल्या टेस्टबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ठाणे, मे महिना. पाठीवर छोट्या छोट्या डब्यांच्या चिकटपट्ट्या लावतात, प्रत्येकीत वेगळा पदार्थ. दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम नाही आणायचा. मे महिन्यात! पंख्याखाली पालथा पडून होतो, बायको टॉवेलने पाय पुसून द्यायची. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, पेनने खुणा केल्या. पीपीडीच्या जागी नुसतं गुलाबी. मी खूश. चौथ्या दिवशी पुन्हा बोलावलं होतं, तेव्हा त्याच जागी टपोरे फोड. म्हणजे २४ तासांत काही झालं नाही म्हणून रंग कालवायला बसू नका. ही ॲलर्जी उशिरा जागी होते.

आणखी एक, दाताच्या डॉक्टरला सांगून ठेवा. बधिर करायच्या काही जेलमध्ये बेंझोकेन असतं, ते पीपीडीच्या गोतावळ्यातलं. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही, पण सांगितलेलं बरं.

ओटीवरची_गप्पा
तीनचाकी, तुम्ही ठाण्याचे? मी कोपरीची!

तीनचाकी
मूळ सांगली. नोकरीपायी ठाणे.

आजीचा_बटवा
सांगलीत कुठे? माझं माहेर विश्रामबागला.

निळावंती
सगळं वाचलं नाही, भाजी फोडणीला टाकलीय. फक्त एवढंच: ओठ-जीभ सुजली, घशात आवळल्यासारखं झालं, दम लागला तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ लावा नाहीतर रिक्षा करा. माझ्या नणंदेने कोरफड चोळत तीन तास घालवले होते.

मृद्गंध_
मला तर वाटतं पांढरेच बरे. पण परवा बसमध्ये एका आजोबांनी उठून मला जागा दिली, तेव्हापासून विचार बदलतोय.

शेवंती_७१
बापरे, किती जणींनी (आणि पावशेरांनी) लिहिलं. अल्बमचा फोटो टाकणार नाही, दीर नाराज होईल.

लेकीला परवा रात्री कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावला. कागदावरची अक्षरं भिंगातून वाचून वाचून. पहिला दिवस काही नाही. आज सकाळी चहा घेताना दिसलं, तिचा डावा हात आपोआप तिथे जातोय. म्हटलं दाखव. रुपयाएवढा लाल वर्तुळाकार डाग, मधे बारीक पुटकुळ्या. तिने काही न बोलता खोका माझ्या हातात दिला. धुतलं, डॉक्टरांची संध्याकाळची वेळ घेतलीय. आता रुसून बसलीय, मैत्रिणीच्या साखरपुड्याला रविवारी जायचंय तिला.

आजीचा_बटवा
अगं, निदान चेहऱ्यावर तरी नाही आलं. तिला माझा आशीर्वाद सांग.

माझ्या तीनही पुड्यांवर पीपीडी निघालं. चष्म्यानेही दिसेना, नातवाने मोबाइलने मोठं करून दाखवलं. तीनचाकी, तुम्ही सांगलीचे ना, गणपती पेठेत चांगला मेंदीचा पाला अजून मिळतो का?