एका घरात दोन जर्स्या
नवरा-बायको विरुद्ध टीमचे असतील तर मॅच घरीच बघावी असं म्हणतात, पण आम्ही तो पराक्रम करून बसलोय. १३ मे २०१३, बॉस्टनचं टीडी गार्डन, आइस हॉकीतल्या बॉस्टन ब्रुइन्स आणि टोरंटो मेपल लीफ्स यांच्या प्लेऑफ मालिकेतली सातवी, निर्णायक मॅच. मी ब्रुइन्सवाला, बायको टोरंटोत वाढलेली. काळ्या-पिवळ्या गर्दीत तिची एकटीची निळी जर्सी! तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये लीफ्स ४-१ पुढे, आणि बाईसाहेब माझ्याच नाचोजवर ताव मारत टोमणे मारतायत. मग ब्रुइन्सने दोन गोल फेडले आणि ५१ सेकंद उरले असताना आमच्या बर्जरॉनने बरोबरी साधली. तिने माझं मनगट असं आवळलं की नखं उमटली. ओव्हरटाइमला, म्हणजे जादा वेळेत, विजयी गोलही बर्जरॉननेच मारला. ५-४. मी ओरडत उठलो, तिचा चेहरा पाहिला आणि गुपचूप बसलो. ट्रेनमध्ये ती एवढंच म्हणाली, "उद्या डबा तुझा तू कर."