वांद्र्याचे वांद्रेपण कोणी घडवले?

कृष्णाकाठ (सांगली): वांद्रे पश्चिमेची ओळख समुद्राकाठच्या नटनट्यांच्या बंगल्यांवरून ठरवली जाते, ते मला पटत नाही. रणवार, चिंबई, पाली ही गावठाणे या बंगल्यांच्या कितीतरी आधीची आहेत. सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ चे, तर खाडीच्या तोंडावरचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला. रणवारच्या अरुंद गल्लीत बाहेरून लाकडी जिना असलेली कौलारू घरे अजून दिसतात, चिंबईच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या लागतात. वांद्रे घडवले ते या माणसांनी. पैसेवाले आयत्या बिळावर नागोबा.

यवतेश्वर (सातारा): गाव होते हे खरे, पण उपनगर नव्हते. माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागत होती, तोवर मुंबईकराला वांद्रे परगावच होते. १८४५ मध्ये रस्ता झाला तो लेडी अवाबाई जीजीभॉय यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांतून. पुढे रेल्वे आली आणि १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतले लोक मोकळ्या हवेसाठी उत्तरेकडे सरकले. आपल्याकडेही प्लेगात लोक माळावर झोपड्या घालून राहिले, पण साथ ओसरताच घरी परतले. वांद्र्याला गेलेल्यांपैकी अनेकांनी तिथेच बिऱ्हाड थाटले. पैशावाचून हे घडले नसते.

कृष्णाकाठ (सांगली): अवाबाईंनी टोल घेऊ नये अशी अट घातली होती, म्हणजे तो रस्ता होडीवाल्यालाही खुला होता. शिवाय वांद्र्यातली १९१८ ची साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था विसरू नका. एकट्याने न झेपणारी गोष्ट दहाजणांनी मिळून करायची, हे सहकाराचे बळ सांगली-साताऱ्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

यवतेश्वर (सातारा): सहकार खरा, पण नावातच सभासद कोणत्या धर्माचे ते लिहिले आहे.

माणदेशी: दोघेही रुळांच्या पश्चिमेलाच अडकला आहात. पूर्वेच्या शासकीय वसाहतीत आपल्याच जिल्ह्यांतील कितीतरी कर्मचाऱ्यांनी अख्खी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर खोली रिकामी करून गावी परतले. वांद्र्याचा इतिहास लिहिताना त्यांना वगळायचे असेल, तर आधी तसे स्पष्ट म्हणा.