मदत हवी आहे : चिकट अल्बममधून जुने फोटो सोडवायचे कसे?

आमच्या नाशिकच्या सेवा क्लबचं जुनं दप्तर लावायला घेतलंय. 1991 आणि 2003 च्या सिंहस्थात रामकुंडावर पाणीवाटप, प्रथमोपचार, हरवलेल्यांची नोंद ही कामं कोणी कोणत्या पाळीत केली, ते सगळं त्यातच आहे. आता 2027 च्या तयारीला या नोंदी हव्यातच.

रजिस्टरांचं जमलं. कसर मऊ ब्रशने झटकली, शाई फुटू नये म्हणून ओलं काही लावलं नाही, 300 डीपीआयवर स्कॅन झालं.

अडलंय ते 1991 च्या रंगीत फोटोंपाशी. अल्बम चिकट पुठ्ठ्याचा, वर प्लास्टिक. गोंद पिवळा पडून कडक झालाय. दात साफ करायचा बारीक दोरा मागून सरकवला, तर कडेचे फोटो निघाले. मधले ओढताना पाठीचा कागद सोलतो. ड्रायरची गरम हवा एका खराब प्रतीवर मारली, ती लगेच वळली, म्हणून थांबलो.

नुसतं समोरून 600 डीपीआयवर स्कॅन केलंय, पण तेवढ्याने भागत नाही. पाठीवर बॉलपेनने नावं आहेत. एका सुटलेल्या कोपऱ्यावर ‘रात्रपाळी 12 ते 4’ एवढंच वाचता येतं. निगेटिव्ह नाहीत. पाणी, थिनर नको.

पानं हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवली तर गोंद ठिसूळ होतो म्हणतात. भीती दवाची आहे, ओल धरली की फोटोचा थर प्लास्टिकलाच चिकटेल. कोणी स्वतः केलंय का? किती तास ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर पिशवी कधी उघडायची?